लिहून देणार, लिहून घेणार

गेल्या श्रावणात धाकट्या भावाने मला एक जाहिरात वाचायला पाठवली. आमचे गावचे घर विकायचे ठरले आहे. मजकूर त्याने केला होता, आणि मी जन्मभर मराठी शिकवली म्हणून 'भाषा तेवढी बघून दे' एवढेच माझ्याकडे काम होते. मजकूर असा : 'विकणे आहे. अमरावती जिल्ह्यात, वाढत्या तालुक्याच्या गावी, बाजार समितीजवळ, समृद्धी महामार्गापासून अर्ध्या तासावर, ऐसपैस राहते घर. दहा खोल्या, चौक, विहीर, परसदार. गाडी आत येते. मोठ्या कुटुंबास योग्य. टायटल क्लिअर. एजंट क्षमस्व.'

भाषेत चूक काही नव्हती. पण 'वाडा' हा शब्द नव्हता. मी विचारले तर म्हणाला, "ताई, वाडा म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं. पडकं असेल, भाऊबंदकी असेल, असं वाटतं त्याला." ज्या शब्दावर मराठी नाटक-कादंबरीने निदान पन्नास वर्षे गुजराण केली तो शब्द बाजारात खोटा नाणा ठरला होता.

दुसरी गोष्ट मला खटकली ती 'विकणे आहे' या दोन शब्दांत. हजारदा वाचलेले शब्द. मराठीत 'मला जाणे आहे', 'त्याला देणे आहे' अशी रचना करताना करणाऱ्याला चतुर्थी लागते. तो स्वतःहून उठून काही करतो असे त्यात नसते. काम त्याच्या अंगावर येऊन पडलेले असते. जाहिरातीने ती चतुर्थीही काढून टाकली. विकण्याची क्रिया उरली, विकणारा गेला. कुणाला विकणे आहे? का? मी 'आम्हां भावंडांना' असे दोन शब्द पुढे घालून मजकूर परत पाठवला. उत्तर आले, "शब्दावर पैसे पडतात, ताई."

त्याच पाकिटात दुसरा कागद होता. हक्कसोडपत्राचा मसुदा. माझ्या नावाचा.

या लेखाचा विषय आमचे घर नाही. पण हे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी पडले नसते तर मी महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' पुन्हा वाचायला काढले नसते, आणि एवढी वर्षे ते वर्गात शिकवताना आपण काय वगळत आलो हेही कळले नसते.

वाड्याविषयीच्या मराठी साहित्यात वाडे जळतात, कोसळतात, ओस पडतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये (१९६४) गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत ब्राह्मणांची घरे पेटतात. भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'मध्ये (२०१०) घर ब्राह्मणाचे नाही, शेतकऱ्याचे आहे. पुरातत्त्वाचा अभ्यास सोडून खंडेराव बाप जायला निघाला म्हणून मोरगावला परततो, आणि पुढे सगळा खटाटोप वारसा कोणी आणि कसा उचलायचा याचा. उपशीर्षकातच 'अडगळ' हा शब्द आहे. अडगळीचे काय करायचे हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्यासमोर बाजार उभाच असतो, पण त्या कादंबरीची भूक इतिहासाची आहे, खरेदीखताची नाही. एकूण काय, आग, ऱ्हास आणि वारसा या तीन दारांनी आपण वाड्यात शिरतो. विक्रीचे चौथे दार आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेक वाडे त्याच दाराने गेले. आग लागली तर दोष जमावाचा. भिंत पडली तर काळाचा. विक्रीला मात्र सही लागते. लेखकांना हे दार अवघड वाटले असेल तर त्याचे कारण बहुधा एवढेच.

'वाडा चिरेबंदी'ने ते दार उघडले, आणि हे त्या नाटकाचे न मोजलेले मोठेपण आहे असे मला वाटते. विजया मेहतांनी ते १९८५ साली रंगमंचावर आणले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' आली, आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटके सलग, दिवसभर चालणारी अशी 'आविष्कार'साठी केली. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यातली भाषा, तिथली ओसरी, तिथला उन्हाळा त्यांना शोधत जावे लागले नाही.

पहिल्या नाटकात घडते काय? तात्याजी गेले आहेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह उशिरा पोहोचतो. थोरला भास्कर आणि वहिनी घर धरून आहेत, चंदू राबतो आहे, प्रभा कुढते आहे, आई गप्प आहे, म्हातारी दादी सारखी वेळ विचारते आहे. दारात ट्रॅक्टर गंजत उभा आहे. तेरवी करायची तर देशपांड्यांच्या इतमामाने करायची, गावजेवण घालायचे, आणि हातात पैसा नाही. म्हणजे नाटकाचा खटका शोकाचा नाही, रकमेचा आहे. वडिलोपार्जित दागिने आहेत, ते कुणाचे यावर तणाव आहे; भास्करची मुलगी रंजू तेच घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळते. आणि वाड्याचा एक भाग गावातल्या बन्सीलालकडे जातो. तेरवी होते. मेलेल्या मालकाच्या जेवणावळीसाठी त्याचेच घर तुकड्याने विकले जाते, यापेक्षा नेमके कथानक वाडासंस्कृतीवर दुसऱ्या कुणी रचलेले मला माहीत नाही.

आपण या नाटकावर लिहितो तेव्हा ट्रॅक्टरचे प्रतीक, वहिनीने रात्री अंगभर दागिने घालण्याचा प्रसंग, चंदूचा पाय, दादीचे घड्याळ हे सगळे घेतो. मीही घेत आले. ट्रॅक्टरवर तर विद्यार्थी चार पाने लिहितात. विक्रीवर मात्र एखादे वाक्य, तेही 'ऱ्हासाची खूण' म्हणून. विक्री ही खूण नसते. ती व्यवहार असते. तिला देणारा असतो, घेणारा असतो, सही करणारे असतात आणि सही न विचारलेले असतात.

शेवटच्यांपासून सुरुवात करते.

प्रभाला शिकायचे होते. वडिलांनी शिकू दिले नाही. लग्न झाले नाही. ती वाड्यात राहते, आणि वाडा विकायचा की ठेवायचा या बोलण्यात तिचे मत हा घरातला चिडचिडीचा भाग ठरतो, निर्णयाचा नाही. हे आपण तिच्या स्वभावाशी, फार तर पितृसत्ताक घराशी जोडून मोकळे होतो. पण त्या वेळी कायदा काय म्हणत होता हे शेजारी ठेवून नाटक वाचावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस झाली, मुलाच्या बरोबरीने वर्ग एकमध्ये आली. मात्र त्याच कायद्याचे कलम २३ घराबद्दल वेगळे बोलत होते. कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी करायची ठरवेपर्यंत स्त्री वारसाला मागता येणार नाही. तिला राहण्याचा हक्क मात्र आहे. मुलगी असेल तर ती अविवाहित, टाकलेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी किंवा विधवा असली तरच.

प्रभाची जागा या कलमात तंतोतंत बसते. ती अविवाहित म्हणून राहू शकते, मुलगी म्हणून मागू शकत नाही. घर तिचे आहे आणि नाही. आणखी एक गंमत, गंमत म्हणावी तर. मृताची आई हीसुद्धा वर्ग एकचीच वारस. म्हणजे वेळ विचारण्यापलीकडे जिला कुणी फारसे बोलते करत नाही ती दादी कायद्याच्या कागदावर भास्कर-सुधीरच्या रांगेत बसते. एलकुंचवार कलमे समोर ठेवून लिहीत होते असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्यांनी घर पाहिले होते. कायदा करणाऱ्यांनीही तेच घर पाहिले होते, एवढेच. आणि दोघांना दिसलेल्या घरात पुरुषांनी ठरवेपर्यंत बायकांनी थांबायचे असते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलला आणि मुलीला जन्माने सहदायाद केले. जिचे लग्न त्याआधी झाले तिला सोडून. ज्या वर्षी त्रिनाट्य सलग उभे राहिले तेच हे वर्ष. योगायोग आहे, त्यातून काही काढत नाही. माझे लग्न १९९१ चे, म्हणजे मी तीन वर्षांनी चुकले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही आणि कलम २३ च गेले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माचा आहे, २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे भावाला आज माझी सही लागते. प्रभाची लागली नसती. १९८५ च्या नाटकात जे अबोल राहिले ते आता हक्कसोडपत्र नावाच्या कागदावर ठळक छापले जाते. त्या कागदातले ठरलेले शब्द असे की मी 'राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय' सोडते आहे. कागदाला बोलता येऊ लागले आणि त्याने पहिले वाक्य हे म्हटले.

खरेदीखताची भाषा हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे. त्यात विकणारा 'लिहून देणार' असतो, घेणारा 'लिहून घेणार'. चतुःसीमा असतात : पूर्वेस अमुकाची भिंत, पश्चिमेस बोळ. आणि कित्येक खतांत अजून ती जुन्या सनदांतून चालत आलेली माळ असते : जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. जमिनीवरचे जे दिसते ते, आणि पुरलेले किंवा ठेवलेले धन जे दिसत नाही तेही, सगळे लिहून दिले. 'वाडा चिरेबंदी' या माळेच्या आधाराने वाचता येते. पाषाण शीर्षकातच आहे. निधी वहिनीच्या ताब्यात आहे आणि तो घराच्या मागच्या पिढीला वाचवायला उपयोगी पडत नाही, पुढच्या पिढीबरोबर पळून जातो. जल दुसऱ्या नाटकाच्या शीर्षकात येते, तळे होऊन. आणि तिसऱ्यात, 'युगान्त'मध्ये, तेच आटते. परदेशातून अभय येतो, पराग तिथेच आहे, आणि भोवती दुष्काळ इतका पसरलेला की घराला किंमत असण्याचा प्रश्नच उरत नाही. 'युगान्त'ला पुष्कळदा तत्त्वचिंतन म्हणून वाचतात. मला त्यातली सर्वांत भीषण गोष्ट बाजाराची वाटते. तिथे गिऱ्हाईकच येऊ शकत नाही. बन्सीलाल येत होता तोवर गाव जिवंत होते.

हा बन्सीलाल कोण?

तो नाटकात नाही. त्याचे नाव येते, त्याचा पैसा येतो, त्याने घेतलेल्या भागाचे काय होते हे कानावर येते. रंगमंचावर तो पाऊल टाकत नाही. पात्रांच्या यादीत देशपांडेच देशपांडे. या अनुपस्थितीचा बचाव करता येतो आणि तो भक्कम आहे. वाड्याला जेवढे दिसते तेवढेच नाटककार दाखवतो. बन्सीलाल आत न येणे हेच वाड्याच्या दृष्टीचे माप. मान्य. एलकुंचवारांची शिस्त इथे चोख आहे, आणि त्या माणसाला खलनायक करण्याचा सोपा मोहही त्यांनी टाळला. सावकार आणि मारवाडी यांना दारात उभे करून हशा किंवा शिव्या वसूल करण्याची आपली जुनी खोड पाहता हे थोडे नाही. माझी तक्रार नाटकाविषयी नाहीच, ती आमच्या समीक्षेविषयी आहे. नाटकाने जे कुटुंबाचे आंधळेपण म्हणून दाखवले ते आम्ही आमची दृष्टी म्हणून उचलले. वाडा जातो म्हणून हळहळलो, की बरे झाले म्हणून टाळी दिली. दोन्ही वेळा उभे होतो ते ओसरीवरच.

तुलनेला चेखॉव्हच्या 'चेरीच्या बागे'चे नाव नेहमी घेतले जाते, आणि ते घेऊन बहुतेक वेळा लगेच खाली ठेवले जाते. दोन्हीकडे जुने घर, दोन्हीकडे उतरता वर्ग, संपले. फरक पाहावा. चेखॉव्हच्या नाटकात लिलावाची तारीख पहिल्या अंकातच कळते : २२ ऑगस्ट. आकडे उघड बोलले जातात. लोपाखिन मालकिणीला पहिल्याच भेटीत हिशेब मांडून दाखवतो की गाव वीस वेर्स्टांवर आहे, आगगाडी जवळून गेली आहे, बाग तोडून उन्हाळी बंगल्यांसाठी तुकडे पाडा, वर्षाला निदान पंचवीस हजार रूबल येतील. (भावाच्या जाहिरातीतला 'समृद्धी महामार्गापासून अर्ध्या तासावर' हा शब्दशः लोपाखिनचा युक्तिवाद आहे. रेल्वे असो की रस्ता, तो घराजवळून गेला की घराची जमीन होते.) काकूकडून पंधरा हजार येतात, ते व्याजालाही पुरत नाहीत, आणि लोपाखिन कर्जाच्या वर नव्वद हजारांची बोली लावून इस्टेट घेतो. ज्या घराच्या स्वयंपाकघरातही त्याच्या बापा-आजाला प्रवेश नव्हता ते घर. ही बातमी तो स्वतः रंगमंचावर येऊन सांगतो, नाच चालू असताना, थोडी चढलेली असताना, आनंदाने आणि लाजेने. घेणारा तिथे समोर आहे. त्याला घेण्याचे सुख होते, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याबद्दल माया आहे म्हणून ते सुख त्याला नीट भोगताही येत नाही.

चेखॉव्हला हे जमले याचे एक कारण त्याच्या आयुष्यात आहे. त्याचा आजा भूदास होता. पैसे भरून त्याने कुटुंबाची मुक्तता विकत घेतली. बाप तागानरोगला दुकानदार, नवे घर बांधताना कर्जात बुडाला, १८७६ मध्ये मॉस्कोला पळाला. घर गेले ते त्यांच्याकडेच राहणाऱ्या एका भाडेकरूकडे. सोळा वर्षांचा अंतोन शिक्षण पुरे करायला मागे राहिला, त्या गेलेल्या घरात, नव्या मालकाच्या पुतण्याची शिकवणी घेत. पुढे १८९२ मध्ये त्याने स्वतः मेलिखोवोची इस्टेट विकत घेतली आणि १८९९ मध्ये, तब्येतीपायी याल्टाला जाताना, विकली. गमावणारा, घेणारा, विकणारा. तिन्ही ठिकाणी तो उभा राहून आला होता. मग १९०४ चे नाटक.

आणि त्यानंतरची गोष्ट आम्हां समीक्षकांनी पाठ करावी अशी. लोपाखिनची भूमिका स्तानिस्लाव्हस्कीने करावी अशी चेखॉव्हची इच्छा होती. हे पात्र गावंढळ, आरडाओरडा करणारा व्यापारी म्हणून उभे राहू नये, तो सभ्य माणूस आहे, असे त्याने कळवले होते. स्तानिस्लाव्हस्कीने गायेव घेतला. शंभर वर्षांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर भाषण करणारा विकणाऱ्यांतला भाऊ. थोर नटालासुद्धा घर गमावणाऱ्याचेच दुःख साकारावेसे वाटले. लेखक याला कॉमेडी म्हणत होता आणि दिग्दर्शकाने शोकांतिका केली या प्रसिद्ध भांडणाचे मूळ मला तरी या निवडीत दिसते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते नाटक शोकांतिका होऊच शकत नाही.

मराठीत या भूमिकेसाठी नट निवडायची वेळच आली नाही. वाडा विकत घेणाऱ्याची कादंबरी, नाटक, निदान लांबलचक कथा माझ्या वाचनात नाही. वाड्याकडे बाहेरून पाहणारे लेखन आहे, आणि ते जबरदस्त आहे. 'वाडा' हा शब्दच दोन तोंडांचा. मूळ अर्थ कुंपणाने वेढलेली जागा. संस्कृतातला वाट, वाटक. त्यातून देशपांड्यांचा वाडा होतो आणि त्यातूनच महारवाडा, मांगवाडा. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) दुसऱ्या वाड्याला मराठी गद्यात कायमची जागा मिळवून दिली. पण या आत्मकथनांचा रोख वाड्यात राहायला जाण्याकडे नव्हता, आणि का असावा? तो माणूस मुंबईला गेला, शिकला, गाव मागे टाकले. मध्ये उरतो तो तिसरा : जो गावातच राहिला, शेतीतून किंवा शेतीच्या आसपासच्या धंद्यातून चार पैसे मिळवले आणि गावाच्या मध्यातले मोठे घर विकत घेतले. शेतीप्रदेशातली आपली तालुक्याची गावे या माणसाने वाढवली आहेत. त्याच्याविषयी आपल्याकडे एक शब्द आहे, 'नवश्रीमंत', आणि तो वापरला की वाचन संपते.

आमच्या गावाचेच पाहा. माझ्या लहानपणी गाव वेशीपाशी संपत असे आणि पुढे कापूस. आता दोन्ही रस्त्यांना कापसाच्या जमिनीवर ले-आउट पडलेत. जिनिंगच्या आवारात मंगल कार्यालय, जुन्या टपालाच्या जागी बँक, आणि बाजार समितीच्या रस्त्याला ओळीने बियाण्या-खतांची कृषी केंद्रे. वाडा या सगळ्याच्या मधोमध सापडला. तो जुना होता म्हणून नव्हे, तर गाव वाढले म्हणून विकाऊ झाला. ऱ्हासाची समीक्षा ही गोष्ट सांगू शकत नाही, कारण तिला घर पडताना दिसते, गाव उभे राहताना दिसत नाही.

जाहिरात छापून आल्यावर भावाला जे फोन आले त्यांची यादी मी मागून घेतली. अशी यादी मला कुठल्याही समीक्षाग्रंथापेक्षा कामाची वाटते. एकाला मंगल कार्यालय करायचे होते, चौकामुळे. एकाला कॉम्प्लेक्स, त्याला घर नकोच होते, गावठाणातली मोकळी जागा हवी होती. एक जुन्या लाकडाचा व्यापारी. तो फक्त सागाचे खांब, तुळया आणि ढेलजेचे दार घेणार होता, बाकीचे तुमचे तुम्ही पाडा. काष्ठ वेगळे, पाषाण वेगळे. आमच्या आजोबांचे घर खणांत मोजत, दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. व्यापाऱ्याने ते घनफुटांत मोजले, कॉम्प्लेक्सवाल्याने चौरस फुटांत. कोणाचे माप चूक होते असे नाही.

हक्कसोडपत्रावर मी सही केलेली नाही. भावाला सांगितले की पैसा हवा तसा वाट, माझा वाटा मुलांच्या नावे ठेव की तुझ्याकडे ठेव, पण खरेदीखतावर लिहून देणारांत माझे नाव असू दे. मला सोडायचे नाही, विकायचे आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भाऊबीजेला येशील ना?" येईन म्हटले. हा फरक त्याला किती पटला मला कळले नाही. तेरवीच्या खर्चाची बोलणी चालू असताना प्रभाच्या हातात असा एखादा कागद असता तर तिने तो फाडला असता की सही केली असती, यावर मी वर्गात चर्चा ठेवली असती, सेवानिवृत्त झाले नसते तर.

दसऱ्याच्या आधी चौथे गिऱ्हाईक घर पाहायला आले तेव्हा मी गावी होते. नवरा-बायको. बाजार समितीच्या रस्त्याला त्यांचे कृषी केंद्र, पाच-सहा कोसांवर शेती, मुले शाळेची. त्यांना राहायला घर हवे होते. नवरा भावाबरोबर सिटी सर्व्हेचा उतारा पाहत बैठकीत बसला. बाई घर पाहायला निघाली आणि ढेलजेच्या उंबऱ्याशी थोडी थांबली. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल.

"लहानपणी आली होती मी अठी," ती म्हणाली. "बापासंग. येचणीचे पैसे घ्यायला. ढेलजेतच बसलो आम्ही."

मला आठवण नव्हती. असण्याचे कारणही नव्हते. आम्ही मुली तेव्हा माजघराच्या अलीकडे फारसे येत नसू. लोपाखिनचे ते स्वयंपाकघराचे बोलणे मला तिथल्या तिथे आठवले आणि मी स्वतःवरच वैतागले, कारण समोर एक माणूस बोलत होते आणि मी त्यात पाठ्यपुस्तक शोधत होते.

ती पुढे झाली. चौक, कोठीघर, देवघर. तिने नळाची वेळ विचारली, वैशाखात विहिरीला किती पाणी असते ते विचारले, न्हाणीचे पाणी कुठे जाते ते वाकून पाहिले. माजघरात आल्यावर डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत उभी राहिली. मागच्या भिंतीत वर एक लहान खिडकी आहे, लाकडी फळीची, मला आठवते तेव्हापासून बंद.

"ही उघडत नाही का?" तिने विचारले.

ती उघडते की नाही हे मला माहीत नव्हते.